वाऱ्याची नाडी

द्रोणाचार्यांनी घेतलेल्या परीक्षेची कथा आपणा सर्वांना लहानपणापासून ठाऊक आहे. झाडावर ठेवलेल्या कृत्रिम पक्ष्यावर नेम धरून एकेक राजपुत्र उभा राहिला. कुणाला झाड दिसले, कुणाला फांद्या दिसल्या, कुणाला शेजारी उभे असलेले बंधू दिसले. अर्जुनाला मात्र पक्ष्याच्या डोळ्यावाचून दुसरे काहीच दिसले नाही आणि तोच परीक्षेत उतरला. एकाग्रतेचा हा आदर्श आपल्या मनावर इतका बिंबला आहे की नेमबाजी म्हणजे स्थिर हात, तीक्ष्ण दृष्टी आणि निश्चल मन, एवढेच समीकरण आपण मांडून ठेवले आहे. दहा मीटरवरच्या बंदिस्त दालनातील स्पर्धेपुरते ते खरेही आहे. परंतु लक्ष्य हजार यार्डांवर, म्हणजे सुमारे ९१४ मीटरवर, उघड्या माळावर उभे असेल, तर केवळ डोळा पाहणारा अर्जुन तेथे हमखास चुकेल. तेथे झाड पाहावे लागते, त्याची पाने कोणत्या बाजूला कलली आहेत ते पाहावे लागते, मधल्या गवतावरून सरकणारी लाट पाहावी लागते. कारण तेथील खरा प्रतिस्पर्धी शेजारी पडून गोळी झाडणारा नेमबाज नसतो, तर दोघांच्याही गोळीला वाटेत गाठणारा वारा असतो.

रोज अपुऱ्या आणि परस्परविरोधी लक्षणांवरून निर्णय घेणाऱ्या आपल्या व्यवसायबंधूंना हा खेळ परका वाटू नये. म्हणूनच या स्मरणिकेच्या निमित्ताने दूर पल्ल्याच्या रायफल नेमबाजीतील हवामानाचे हे शास्त्र थोडे उलगडून पाहू.

खेळ आणि त्याची परंपरा

या प्रकाराचे माहेरघर इंग्लंड. तेथील नॅशनल रायफल असोसिएशनचा पहिला मेळावा जुलै १८६० मध्ये लंडनजवळच्या विम्बल्डन माळावर भरला आणि पहिली गोळी खुद्द राणी व्हिक्टोरियाने झाडली. व्हिटवर्थ बनावटीची रायफल लोखंडी आधारावर पक्की बसवून ४०० यार्डांवरील लक्ष्यावर आधीच रोखून ठेवलेली होती. राणीने फक्त रेशमी दोरी ओढायची होती. गोळी मध्याच्या अगदी जवळ लागली. १८९० मध्ये हा मेळावा सरे परगण्यातील बिस्ली येथे हलला आणि आजही दर जुलैत तो तेथेच भरतो. सिंहासनावर जो असेल त्याच्या नावाने तेथील मुख्य पारितोषिक ओळखले जाते. २०२३ पासून ते पुन्हा ‘किंग्ज प्राइझ’ झाले आहे. १९३० मध्ये मार्जरी फॉस्टर यांनी ते जिंकले आणि हा मान मिळवणाऱ्या त्या पहिल्या महिला ठरल्या. बळ नव्हे, तर बुद्धी आणि संयम येथे निर्णायक असतो, याचा तो जाहीर पुरावाच होता.

स्पर्धेचे नियम साधे, पण कठोर आहेत. नेमबाज पालथा पडून, दंडाला बांधलेल्या चामडी पट्ट्याच्या आधारे रायफल तोलतो. नळीखाली टेकू चालत नाही, रायफलीवर दुर्बीण चालत नाही. मागे बारीक छिद्राची चकती आणि पुढे एक कडी. त्या कडीत दूरचा काळा गोल मधोमध बसवायचा आणि चाप दाबायचा. अंतिम फेरीत ९०० आणि १००० यार्डांवर प्रत्येकी १५ गोळ्या. मधला पाच गुणांचा भाग हजार यार्डांवर साधारण दोन फूट व्यासाचा असतो. ऐकायला तो ऐसपैस वाटतो. परंतु दहा रुपयांचे नाणे चाळीस मीटरवर धरले तर जेवढे दिसेल तेवढाच तो दिसतो.

मागच्या चकतीला दोन कळी असतात. एक गोळीची उंची ठरवते, दुसरी डावे-उजवे. ही दुसरी कळ म्हणजेच वाऱ्याची कळ. तिचे माप कलांत असते. अंशाचा साठावा भाग म्हणजे कला. नेमबाज तिला ‘मिनिट’ म्हणतात. हजार यार्डांवर एक मिनिट म्हणजे सुमारे साडेदहा इंच. तेव्हा मधला भाग जेमतेम दोन मिनिटांचा. सगळा खेळ या दोन मिनिटांत मावतो.

गोळी का ढळते?

आडवा वारा गोळीला बाजूने ढकलतो आणि म्हणून ती ढळते, अशी सर्वसाधारण समजूत आहे. ती अर्धवट खरी आहे. नळीतील आट्यांमुळे गोळी स्वतःभोवती प्रचंड वेगाने फिरत असते आणि त्या फिरण्यामुळे तिचे नाक समोरून येणाऱ्या हवेच्या दिशेला धरून राहते. आडवा वारा असला की समोरची हवा गोळीला किंचित त्या बाजूने आल्यासारखी भासते आणि नाक तेवढे वाऱ्याकडे वळते. हवेचा अवरोध गोळीला तिच्या अक्षाच्या दिशेत मागे खेचतो. अक्ष तिरका असल्यामुळे त्या ओढीचा एक अंश बाजूला पडतो. म्हणजे गोळीला बाजूला नेतो तो वाऱ्याचा धक्का नव्हे, तर तिरकस झालेला अवरोध. अवरोधच नसता, तर वाऱ्याने गोळी ढळलीच नसती.

यातून एक सुटसुटीत सूत्र निघते. एकोणिसाव्या शतकातील फ्रेंच तज्ज्ञ दिदियाँ यांच्या नावाने ते ओळखले जाते. निर्वात पोकळीत गोळीला तेवढे अंतर कापण्यास जो वेळ लागला असता आणि हवेत प्रत्यक्षात जो लागतो, त्यांतील फरक काढावा; त्या फरकाला वाऱ्याच्या वेगाने गुणावे; तेवढी गोळी ढळते. उदाहरण घेऊ. गोळी नळीतून सेकंदाला ९०० मीटर वेगाने निघाली, तर पोकळीत ९१४ मीटर जाण्यास तिला १.०२ सेकंद लागतील. हवेत मात्र सुमारे १.५ सेकंद लागतात. फरक अर्ध्या सेकंदापेक्षा किंचित कमी. वारा ताशी १६ किलोमीटर, म्हणजे सेकंदाला सुमारे साडेचार मीटर असेल, तर गोळी दोन मीटरांहून थोडी अधिक, साधारण सात फूट ढळते. लक्षात घ्यावे की हा वारा म्हणजे काही वादळ नव्हे. झाडांची पाने आणि बारीक डहाळ्या हलत राहाव्यात, इतकाच तो असतो.

आता याच आकड्यांवरून खेळाची खरी अडचण ध्यानात येईल. मध्यबिंदूपासून पाच गुणांच्या भागाची कड एक फूट. सात फुटांना १६ किलोमीटर, तर एका फुटाला सव्वादोन किलोमीटर. म्हणजे वाऱ्याच्या वेगाचा अंदाज ताशी सव्वादोन किलोमीटरनी चुकला, तर बाकी सारे निर्दोष असूनही गोळी कडेवर जाते. माणूस सावकाश चालतो त्याहूनही कमी वेगाचा हा फरक आहे आणि तो ओळखायचा आहे नुसत्या डोळ्यांनी, एक किलोमीटर लांबीच्या हवेच्या पट्ट्यात.

अंतर वाढले की हे ढळणे त्याच प्रमाणात वाढत नाही, फार झपाट्याने वाढते. हाच वारा ३०० यार्डांवर गोळीला सहा-सात इंच हलवतो, ६०० यार्डांवर सुमारे सव्वादोन फूट आणि हजारांवर सात फूट. त्यामुळे जवळच्या अंतरावर हुशार ठरलेला नेमबाज लांबच्या अंतरावर एकाएकी नवशिका दिसू लागतो.

याच सूत्रातून आणखी एक विलक्षण गोष्ट कळते. गोळी जितकी वेगवान तितकी ती कमी ढळणार, हे पटण्याजोगे वाटते. पण पॉइंट टू-टू बोअरच्या छोट्या गोळीच्या बाबतीत उलटे घडते. ध्वनीहून अधिक वेगाने सुटणारी गोळी ध्वनीच्या वेगाच्या सीमेवर मोठ्या अवरोधात सापडते, बराच वेळ गमावते आणि हळू गोळीपेक्षा अधिक ढळते. म्हणूनच ५० मीटर स्पर्धेतील खेळाडू ध्वनीहून हळू जाणारी काडतुसे निवडतात. वेग महत्त्वाचा नाही, वाटेत किती वेग गमावला ते महत्त्वाचे.

दिशेचे घड्याळ

वेगाइतकेच महत्त्व दिशेला आहे. नेमबाज स्वतःला घड्याळाच्या केंद्रस्थानी कल्पितात. लक्ष्याच्या दिशेला बारा. तीन किंवा नऊ वाजताचा वारा पूर्ण आडवा, त्याचा पूर्ण परिणाम. एक, पाच, सात आणि अकरा वाजताच्या वाऱ्याचा परिणाम निम्मा. दोन, चार, आठ, दहा वाजताचा मात्र निम्म्याच्या थोडा वर नसून जवळजवळ पूर्णच, शेकडा ८७ इतका असतो. समोरून किंवा पाठीमागून सरळ येणाऱ्या वाऱ्याने गोळी बाजूला ढळत नाही, आणि तिच्या उंचीत हजार यार्डांवर पडणारा फरक वीतभरही नसतो.

यावरून सरळ समोरचा वारा सर्वांत निरुपद्रवी, असे वाटेल. वस्तुस्थिती नेमकी उलट आहे. ताशी १६ किलोमीटरचा वारा बारा वाजताच्या दिशेपासून दहा अंश डावीकडून दहा अंश उजवीकडे वळला, तर गोळीचे स्थान सुमारे अडीच फूट बदलते. म्हणजे सबंध मधल्या भागाच्या रुंदीपेक्षा अधिक. हाच वारा तीन वाजताच्या आसपास तेवढाच, वीस अंश, इकडून तिकडे वळला, तर फरक जेमतेम सव्वा इंचाचा. माशाच्या शेपटीसारखा दोन्ही बाजूंना हेलकावणारा हा समोरचा वा पाठचा वारा अनुभवी नेमबाजांनाही घाम फोडतो. सोसाट्याचा, पण एकाच दिशेने वाहणारा आडवा वारा त्यांना परवडतो. मंद, पण मन न ठरलेला वारा परवडत नाही. वारा येईल तशी पाठ द्यावी, अशी आपल्याकडे म्हण आहे. येथे तो कोणत्या बाजूने येणार, याचाच पत्ता नसतो.

आडव्या वाऱ्याचा आणखी एक सूक्ष्म परिणाम आहे. फिरत्या भोवऱ्याला बाजूने टिचकी मारली की तो टिचकीच्या दिशेने न कलता काटकोनात कलतो. गोळीही नळीतून बाहेर पडताच वाऱ्याला तसाच प्रतिसाद देते. उजव्या पिळाच्या नळीत उजवीकडून येणारा वारा गोळीला डावीकडे आणि किंचित वर नेतो, डावीकडून येणारा उजवीकडे आणि किंचित खाली. त्यामुळे वाऱ्यात लागलेल्या गोळ्यांच्या खुणा आडव्या ओळीत न पडता घड्याळातील दहा आणि चार यांना जोडणाऱ्या तिरप्या ओळीत पडतात.

पताका, गवत आणि मृगजळ

वारा दिसत नाही. दिसतात ती त्याची लक्षणे. मैदानावर ठरावीक अंतरांवर पताका लावलेल्या असतात. पताका काठीपासून किती अंशांनी उचलली गेली ते पाहून त्या आकड्याला चाराने भागावे, म्हणजे वाऱ्याचा वेग ताशी मैलांत मिळतो, असा जुना ठोकताळा आहे. परंतु पताका पावसाने भिजली की जड होते आणि खरा वारा लपवते. शिवाय उचललेली पताका पुन्हा खाली यायला वेळ घेते; ती आताचा नव्हे, तर क्षणापूर्वीचा वारा सांगते.

दुसरे लक्षण मृगजळाचे. मृगजळामागे धावू नये, असे आपण मुलांना शिकवतो. दूर पल्ल्याचा नेमबाज मात्र मुद्दाम त्याच्या मागे असतो. तापलेल्या जमिनीवरून उठणाऱ्या उष्ण हवेच्या लहरी तिपाईवरच्या दुर्बिणीतून स्पष्ट दिसतात. दुर्बीण लक्ष्यावर न रोखता थोडी अलीकडे जुळवली की त्या लहरी ओढ्याच्या पाण्यासारख्या डावीकडे किंवा उजवीकडे वाहताना दिसतात. मंद वाऱ्यात पताका लोंबकळत असताना मृगजळ अचूक बातमी देते. लहरी सरळ वर उकळू लागल्या, तर वारा थांबला आहे किंवा तंतोतंत गोळीच्या रेषेत वळला आहे. बहुधा तो आता दुसऱ्या बाजूने सुरू होणार असतो. वारा ताशी वीस किलोमीटरच्या आसपास पोहोचला की मात्र लहरी सपाट होतात आणि त्यापुढे मृगजळ काही सांगू शकत नाही. ढगाळ दिवशी तर ते नसतेच. शिवाय याच लहरींमुळे लक्ष्य जागेवरून सरकल्याचा भासही होतो. म्हणजे जो साक्षीदार माहिती देतो, तोच दृष्टीही फसवतो.

तिसरा प्रश्न असा की कोठला वारा धरायचा? स्वतःजवळचा, मधला की लक्ष्याजवळचा? लक्ष्याजवळ गोळी मंदावलेली असते म्हणून तेथला वारा अधिक बाधतो, असे अनेकांना वाटते. प्रत्यक्षात आरंभी मिळालेला तिरकेपणा गोळी अखेरपर्यंत सोबत नेते. सुरुवातीला पडलेले अल्प अंतर पुढे वाढतच जाते. म्हणून समान वाऱ्यात जवळच्या टप्प्याचा वाटा मोठा. दुसरीकडे, हजार यार्डांच्या प्रवासात गोळी दृष्टिरेषेच्या सुमारे तीन मीटर वर चढते आणि जमिनीपासून वर जावे तसा वारा जोरकस होतो. बाजूची झाडी, बांध, खळगा यांमुळे एकाच वेळी तीन ठिकाणी तीन वारे असू शकतात. सगळ्या पताका एकच गोष्ट सांगत आहेत, असे क्वचितच घडते.

हवेचे वजन

वारा गोळीला बाजूला नेतो, तर तापमान, दाब आणि आर्द्रता तिला वरखाली करतात. हवा तापली की विरळ होते. दहा अंश सेल्सिअसने तापमान वाढले की घनता सुमारे साडेतीन टक्क्यांनी घटते. विरळ हवेत अवरोध कमी, म्हणून गोळी कमी खाली येते आणि वर लागते. आपल्या माळव्याच्या पठारासारख्या, समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटर उंचीच्या प्रदेशात हवा समुद्रकिनाऱ्यापेक्षा साधारण पाच टक्के विरळ असते. तेव्हा मुंबईला जुळवलेली कळ येथे जशीच्या तशी चालणार नाही.

आर्द्रतेविषयी मात्र सर्वत्र गैरसमज आहे. पावसाळी दमट हवा अंगाला जड वाटते, म्हणून ती वजनानेही जड असणार, असे आपण गृहीत धरतो. पाण्याच्या रेणूचे वजन १८, तर कोरड्या हवेचे सरासरी २९. म्हणजे दमट हवा कोरडीपेक्षा हलकी. फरक लहान आहे, पण दिशा उलटी आहे.

ऊन-पावसाचे उपद्रव निराळेच. काडतूस उन्हात पडून राहिले किंवा तापलेल्या नळीत फार वेळ भरून ठेवले, तर दारू तापून गोळीचा वेग वाढतो आणि ती वर लागते. पावसात थेंबांमुळे गोळी फारशी ढळत नाही; पण भिजलेले काडतूस वा ओली नळी आतील दाब बिघडवते. म्हणून जाणता नेमबाज काडतुसांची पेटी सावलीत आणि फडक्याखाली झाकून ठेवतो. आपण लशी जपतो तशीच ही दक्षता.

पंचेचाळीस सेकंद

बिस्लीला एका लक्ष्यावर दोघे किंवा तिघे आळीपाळीने गोळी झाडतात. पाळी आल्यावर प्रत्येकाला ४५ सेकंद मिळतात. त्यामुळे हवा तसा वारा येईपर्यंत थांबून राहण्याची चैन तेथे नाही. आधीच्या गोळीनंतर लक्ष्य खाली जाते, खंदकातील माणूस छिद्रावर खूण लावून ते पुन्हा वर पाठवतो. तेवढ्या अवधीत वारा बदललेला असतो आणि नवा अंदाज बांधावा लागतो.

येथेच नवशिका आणि मुरलेला यांतला भेद दिसतो. उत्तम रायफल, उत्तम काडतुसे आणि स्थिर हात असला, तरी हजार यार्डांवर गोळ्या एकाच छिद्रातून जात नाहीत; दहा इंचांच्या आसपास त्या स्वभावतःच विखुरतात. तेव्हा एखादी गोळी चार इंच उजवीकडे लागली, तर तिने वाऱ्याविषयी काहीही सांगितलेले नसते. नवशिका लगेच कळ चार इंच डावीकडे फिरवतो. पुढची गोळी स्वभावतः चार इंच डावीकडे जाणार असते, ती आता आठ इंच जाते. तो पुन्हा उजवीकडे फिरवतो. एका रक्तशर्करेच्या आकड्यावरून औषधाची मात्रा वाढवणारा आणि दुसऱ्या आकड्यावरून ती घटवणारा वैद्य आपण पाहिला आहे. दोघांचा दोष एकच : नैसर्गिक चढउतार आणि खरा बदल यांत ते फरक करत नाहीत.

मुरलेला नेमबाज नोंद ठेवतो. प्रत्येक गोळीगणिक वाऱ्याचा अंदाज, कळीचे माप आणि गोळी लागलेली जागा तो आलेखावर मांडत जातो. चाप सुटताना कडी कोठे होती, हेही तो प्रामाणिकपणे मनाशी नोंदवतो. गोळी हाताने चुकली असेल, तर कळ फिरवणे म्हणजे निरोगी अवयवावर शस्त्रक्रिया करणे होय. हाताचा दोष वाऱ्यावर ढकलणे सोपे असते, कारण वारा कधी प्रतिवाद करीत नाही. परंतु असे करणाऱ्याची नोंदवही लवकरच निरुपयोगी होते. तिच्यातील पुढचा प्रत्येक निष्कर्ष त्या एका खोट्या नोंदीवर उभा राहतो.

सांघिक स्पर्धेत ही दोन कामे वेगळी केलेली असतात. नेमबाज फक्त कडी, काळा गोल आणि चाप यांच्याकडे पाहतो. त्याच्या शेजारी दुर्बीण लावून बसलेला ‘विंड कोच’ वारा वाचतो आणि कळीचे माप ठरवतो. शल्यविशारद आणि भूलतज्ज्ञ यांच्यासारखेच हे नाते. ‘आता झाड’ असे शेजाऱ्याने म्हटल्यावर शंका न घेता, पण घाईही न करता चाप दाबणे, हा विश्वास सरावानेच येतो. वैयक्तिक अंतिम फेरीत मात्र दोन्ही भूमिका एकालाच वठवाव्या लागतात.

सांघिक सामन्यांचा इतिहासही मनोरंजक आहे. २६ सप्टेंबर १८७४ रोजी न्यूयॉर्कजवळच्या क्रीडमूर येथे आयर्लंड आणि अमेरिका यांची ८००, ९०० व १००० यार्डांवर गाठ पडली. एका आयरिश नेमबाजाची अचूक गोळी शेजारच्या लक्ष्यावर लागली आणि तिला शून्य गुण मिळाले. अखेरची गोळी अमेरिकेच्या कर्नल जॉन बोडाइन यांची होती. थोड्या वेळापूर्वी जिंजर बिअरची बाटली फुटून त्यांचा हात कापला होता. रक्ताळलेला रुमाल गुंडाळलेल्या त्या हातानेच त्यांनी मध्य साधला. अमेरिका ९३४ विरुद्ध ९३१ अशी तीन गुणांनी जिंकली.

कोल्हापूरचे नाव

या परदेशी खेळाच्या इतिहासात एक मराठी नाव ठळकपणे कोरलेले आहे, हे आपल्यापैकी फार थोड्यांना माहीत असेल. इंग्लंड आणि तत्कालीन वसाहतींच्या संघांसाठी कोल्हापूरच्या महाराजांनी दिलेल्या चषकाची लढत १८७०च्या दशकाच्या आरंभी विम्बल्डनला सुरू झाली आणि ती आजही बिस्लीला होते. तिचे नाव जुन्या इंग्रजी वळणाने ‘द कोलापोर’ असे आहे. कोल्हापूरचे छत्रपती राजाराम महाराज १८७० मध्ये इंग्लंडला गेले होते आणि परतीच्या वाटेवर इटलीतील फ्लॉरेन्स येथे ऐन तारुण्यात त्यांचे निधन झाले. तेथील त्यांच्या स्मारकामुळे जवळच्या पुलालाही ‘भारतीयाचा पूल’ असे नाव पडले आहे.

त्याच कोल्हापूरच्या मातीने पुढे उघड्या मैदानावरील नेमबाज घडवले. तेजस्विनी सावंत यांनी २०१० मध्ये म्युनिक येथे ५० मीटर प्रोन प्रकारात जागतिक विजेतेपद मिळवले. २०२४ च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये स्वप्निल कुसाळे यांनी ५० मीटर रायफल थ्री पोझिशन्स प्रकारात कांस्यपदक पटकावले. पन्नास मीटर म्हणजे हजार यार्डांपुढे काहीच नव्हे, असे वाटेल. पण तेथे दहा गुणांच्या वर्तुळाचा व्यास अवघा १०.४ मिलिमीटर असतो आणि सेकंदाला दोन मीटर वेगाची साधी झुळूकही त्या हलक्या गोळीला सुमारे एक सेंटिमीटर सरकवते. दहाचे नऊ व्हायला तेवढे पुरे.

आपल्या इंदूरपासून वीस-पंचवीस किलोमीटरवरच्या महू येथे इन्फंट्री स्कूलमध्ये सैन्याचे आर्मी मार्क्समनशिप युनिट आहे आणि तेथून देशाला ऑलिम्पिक पदक विजेते लाभले आहेत. हजार यार्डांचा प्रकार मात्र आपल्याकडे फारसा रुजला नाही. त्यासाठी किलोमीटरभर मोकळी आणि सुरक्षित जागा लागते, महागडी काडतुसे लागतात. २०१० च्या दिल्ली राष्ट्रकुल स्पर्धेत तो गुरुग्रामजवळच्या कादरपूर येथे झाला होता. परंतु २०२२ च्या बर्मिंगहॅम स्पर्धेतून नेमबाजी पूर्णपणे वगळण्यात आली आणि २०२६ च्या ग्लासगो स्पर्धेच्या कार्यक्रमातही तिला स्थान मिळाले नाही. दूर पल्ल्याच्या प्रकाराला ऑलिम्पिकमध्ये आज जागा नाही. राष्ट्रकुल हे त्याचे एकमेव मोठे व्यासपीठ होते. तेही गेले, तर वारा वाचण्याची ही दीड शतकाची विद्या थोड्या हौशी मंडळांपुरती उरेल.

औषधाने न साधणारी गोष्ट

डॉक्टर म्हणून आणखी एका बाबीचा उल्लेख आवश्यक वाटतो. बीटा-ब्लॉकर गटातील औषधांनी हाताचा कंप आणि नाडीचा वेग कमी होतो. म्हणून नेमबाजी व तिरंदाजी या खेळांत ती स्पर्धेच्या काळात आणि एरवीही निषिद्ध आहेत. २००८ च्या बीजिंग ऑलिम्पिकमध्ये प्रोप्रॅनोलॉल आढळल्यामुळे उत्तर कोरियाच्या एका पिस्तूल नेमबाजाची दोन पदके काढून घेण्यात आली. काचबिंदूसाठी दिले जाणारे टिमोलॉलचे थेंबही याच बंधनात येतात. एखादा नेमबाज रक्तदाब, अर्धशिशी किंवा डोळ्यांच्या तक्रारीसाठी आपल्याकडे आला, तर औषध लिहिण्यापूर्वी त्याचा खेळ विचारावा; अन्य पर्याय नसेल, तर वैद्यकीय सवलतीसाठी रीतसर अर्ज करण्यास सांगावे.

हात स्थिर करणारे औषध निघाले; वारा वाचून देणारे औषध निघालेले नाही आणि निघणारही नाही. वाऱ्याचा वेग मोजणारी उपकरणे आहेत, पण ती उभी असतील त्या एका ठिकाणचा वारा सांगतात. उरलेल्या नऊशे मीटरांचा अंदाज माणसालाच बांधावा लागतो. आयुर्वेदाने वाताचा ‘चल’ हा गुण सांगितला आहे. जे स्वभावतःच चंचल आहे, त्याच्याविषयी पूर्ण खात्री होईपर्यंत थांबणारा नेमबाज ४५ सेकंदांत बाद होतो आणि खात्री असल्याचा आव आणणारा पंधरा गोळ्यांत उघडा पडतो. टिकतो तो, जो दिसेल तितके सारे पाहून एक अंदाज बांधतो, त्यावर निःशंकपणे कृती करतो आणि लक्ष्य वर येताच स्वतःचा अंदाज कोणत्या बाजूला किती चुकला, ते न लपवता वहीत लिहितो. रुग्णाच्या खाटेशी उभे राहून आपण याहून वेगळे काय करतो?